‘इकडे बघ’ म्हणणं आधी बंद करा

पत्र:

ताई, नमस्कार. मी भांडुपला राहते. मुलगा १४ महिन्यांचा आहे. फोनमध्ये त्याचे हजारो फोटो पडलेत, पण धड म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकतर हललेले, नाहीतर पाठमोरे, नाहीतर फोनवर झडप घालणारा नुसता पंजा. ‘इकडे बघ, इकडे बघ’ करून घसा बसतो. वाढदिवसाला हौसेनं एका स्टुडिओचं पॅकेज घेतलं. आधी कृष्णाचा मुकुट, मग पायलटचा ड्रेस, मग केक. तासभर तो नुसता रडला. आता अल्बममध्ये लाल नाकाचा कृष्ण आहे. सासूबाई म्हणतात फ्लॅशनं डोळे जातात, म्हणून घरात फ्लॅश बंद, आणि फ्लॅश बंद म्हणून सगळं हललेलं.

त्यात पुढच्या रविवारी माझ्या भावाच्या मुलीचं बारसं आहे. फोटो मीच काढणार असं सगळ्यांनी गृहीत धरलंय, आणि मी तर आत्या! नवऱ्याचा जुना डीएसएलआर कपाटात आहे, तो बाहेर काढू का? एवढ्याशा बाळाचे फोटो काढायचे तरी कसे?
– एक वैतागलेली आई

ता. क. भाऊ मस्कतला असतो. बाळाचा पासपोर्ट काढायचाय. त्याचा फोटो घरी निघेल का?

उत्तर:

वैतागलेल्या आईला नमस्कार.

तुमच्या मुलाला ‘बघ’ कळतं, ‘बघत राहा’ कळत नाही. हाक मारली की तो एकदा वळतो. आईच्या चेहऱ्याच्या जागी त्याला फोन दिसतो आणि त्याच्या दृष्टीनं तो विषय तिथेच संपतो. वर तेच नाव मिनिटाला दहा वेळा घेतलं की त्या हाकेकडे काणाडोळा करायला तो शिकतो, आणि मग जिन्याच्या टोकाशी खरोखरची हाक मारावी लागते तेव्हा पंचाईत होते. तेव्हा ‘इकडे बघ’ आजपासून बंद.

या वयात पोज नसते, उद्योग असतात. डबा उघडायचा, झाकण लावायला बघायचं, ते लागत नाही म्हणून आपटायचं, चपला दारातून उचलून सोफ्यावर नेऊन ठेवायच्या. पोरगं सकाळपासून कामात असतं. आपण त्याला कामातून उठवतो आणि फोटोसाठी बसवतो, म्हणून ते चिडतं. मुलाला एका जागी बसवणं तुमच्या हातात नाही, पण त्याचा उद्योग कुठे मांडायचा हे आहे. चांगला उजेड असेल तिथे तो मांडा, स्वतः आधीच जमिनीवर बसून घ्या आणि गप्प राहा.

चांगला उजेड म्हणजे खिडकीचा. हॉलमध्ये उन्हाचा पट्टा पडत असेल तर त्याच्या आत नको, त्याच्या शेजारी, सावलीच्या बाजूला. मुलाचं तोंड खिडकीकडे तिरकं, खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला. खिडकी मुलाच्या पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. घरातले निम्मे फोटो याच पायी जातात. दिवसा ट्यूब आणि एलईडी बंद करा. बाहेरचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, त्यामुळे एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, फोटोत मात्र आडवे पट्टे उमटतात. मुलाच्या खाली पांढरी चादर अंथरा. खालून उजेड परततो आणि हनुवटीखालचा काळोख जातो.

मुंबईच्या खिडकीची एक वेगळीच गंमत आहे. ग्रिलमध्ये लाल टॉवेल वाळत असेल तर पोर लाल दिसतं. पावसाळ्यात निळी ताडपत्री लावलीत की निळं. सोसायटीचं रिपेअरिंग काढलेलं असलं आणि इमारतीभोवती हिरवी जाळी असली, तर महिनोन्‌महिने घरातल्या प्रत्येकाला कावीळ आणि अशक्तपणा एकदम झाल्यासारखं वाटतं. त्यावर फोनमध्ये रंगांशी झटापट करू नका. फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा आणि मोकळे व्हा. ताडपत्री नसेल तर पावसाळ्यातले ढगाळ दिवस मात्र उत्तम. उजेड सगळीकडून सारखा येतो, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडत नाही.

आता उद्योग. मेथीची जुडी द्या. चेष्टा करत नाही. जुडी धुवून घ्या, दोरी किंवा रबर काढून टाका, चादरीवर ठेवा आणि दोन हात लांब पोटावर आडव्या व्हा. तो आधी सगळी जुडी उचलायला बघतो, ती सांडते. मग एक काडी ओढतो, वाकवतो, मोडली की तुकड्याकडे बघत बसतो. मग पान तोंडात. चव कळायला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढा वेळ चेहऱ्यावर काहीच नसतं. मग ओठ वाकडे, एक डोळा बारीक, आणि मान वर करून तो थेट तुमच्याकडे बघतो, ‘हे काय दिलंस?’ अशा नजरेनं. ती नजर तुम्हाला हाक न मारता मिळालेली असते. मेथी नसेल तर स्टीलचे डबे, कणकेचा गोळा, कपडे वाळत घालायच्या टबात चार पेले पाणी, काहीही चालेल. मटार, शेंगदाणे, द्राक्षं, चिमटे असलं घशात अडकणारं काही नको. आणि टबात पाणी असेल तर फोटोपेक्षा तुमचा एक हात त्याच्याजवळ असणं महत्त्वाचं.

फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत मोठं डोकं आणि त्याखाली दोन पावलं एवढंच येतं. मात्र खाली बसल्यावर फार जवळही जाऊ नका. फोनचा नेहमीचा कॅमेरा रुंद नजरेचा असतो. वीतभर अंतरावरून नाक फुगतं आणि कान मागे जातात. चार-पाच फूट मागे सरका आणि दोनपट झूम करा. आणि त्याआधी लेन्स पुसा! तेलाचा डबा हाताळून झाल्यावर आपण फोन उचलतो, बाळाला मालिश करतानाही उचलतो, आणि मग कॅमेरा धुरकट झाला म्हणून नवा फोन घ्यायला निघतो.

हललेल्या फोटोंचं गणित सोपं आहे. रात्री ट्यूबच्या उजेडात एका फोटोसाठी फोनला सेकंदाचा तिसावा भाग लागला आणि मुलगा सेकंदाला मीटरभर पळतोय असं धरा. तेवढ्यात तो ३ सेंटिमीटर पुढे गेला, म्हणजे नाक गालावर आलं. तोच फोटो सेकंदाच्या ५०० व्या भागात निघाला तर तो २ मिलिमीटर हलतो आणि कुणाला कळतही नाही. हा वेग फोनला उजेडानंच मिळतो, महाग मॉडेलनं थोडासाच. म्हणून फोटो दिवसा, खिडकीपाशी. नाइट मोड बंद ठेवा. तो जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि स्थिर वस्तूंसाठी आहे. एकामागून एक फोटो घेण्याची सोय बहुतेक फोनांत असते, कुठे बटण दाबून धरून तर कुठे बाजूला ओढून. ती तुमच्या फोनात कशी चालते ते रविवारच्या आधी बघून ठेवा.

फोनवरची झडप कमी करायला दोन गोष्टी करता येतील. फोन छातीशी धरा, तोंड मोकळं ठेवा, त्याच्याकडे बघून बोलत राहा आणि आवाज कमी-जास्त करायच्या बटणानं फोटो घ्या. बहुतेक फोनांत ते बटण चालतं. चेहरा दिसत असेल तर तो तुमच्याकडे बघतो, म्हणजे साधारण कॅमेऱ्याकडेच. दुसरी गोष्ट, काढलेला फोटो त्याला लगेच दाखवू नका. एकदा ‘बघ, बाळ!’ म्हणून दाखवलात की पुढच्या प्रत्येक क्लिकला तो काम टाकून ‘बाळ’ बघायला येणार.

हसू हवं असेल तर त्याला माहीत असलेला खेळ खेळा. तळहातावर बोट टेकवत मोराला चारापाणी करायचा आणि शेवटी ‘भुर्र’ म्हणून हात उडवायचा, तो खेळ त्याला येत असणारच. ‘भुर्र’ कधी येणार हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या आधी तुम्ही थोडं थांबलात की तोही थांबतो, श्वास धरून, डोळे मोठे करून. सगळा दिवस न थांबणारं पोर त्या एका जागी थांबतं. फोटो तिथे घ्या. ‘भुर्र’ झाल्यावरचं हसू मिळेलच, पण वाट बघणारा चेहरा मला जास्त आवडतो. हा खेळ बाबांनी खेळायचा आणि बाबांनी तुमच्या बरोबर मागे बसायचं, शेजारी नाही. आपल्याकडे डावीकडून आजी चुटक्या वाजवते, उजवीकडून काका खुळखुळा हलवतात, आणि पोर बिचारं टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरवत राहतं. एकच माणूस, एकच आवाज, कॅमेऱ्याच्या मागून.

वेळ म्हणाल तर झोप झालेली, पोट भरलेलं, अंगात स्वेटर-जाकीट काही नाही. दहा मिनिटं पुरे. तो उठून गेला की गेला.

बाहेर न्यायचं असेल तर आधी लिफ्टनं खाली उतरा. इमारतीखाली स्टिल्ट पार्किंग असेल तर त्याच्या कडेला, छताखालून बाहेर पडायच्या दोन फूट आधी, फार सुंदर उजेड असतो: वरून काहीच नाही, समोरून सगळं आभाळ. मागे पार्किंगचा काळोख येतो, त्यामुळे स्कूटर दिसत नाहीत. गाडी येत-जात नाही ना हे बघायला एक मोठं माणूस लागेल, एवढंच. राणीच्या बागेत जुन्या झाडांची सावली चांगली आहे, पण बुधवारी बाग बंद असते. चौपाटीवर न्यायचं तर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. डिसेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये सव्वासातच्या. दुपारी बाराच्या उन्हात वाळूवर कुणीच चांगलं दिसत नाही, आपण मोठी माणसंही नाही.

संक्रांतीला बोरन्हाण कराल तेव्हाची एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे दागिने, हा मेळ कॅमेऱ्याला अवघड जातो. काळं दिसलं की कॅमेरा फोटो उजळ करायला जातो, आणि हलवा नुसता पांढरा डाग होतो. त्याचे काटे दिसत नाहीत. स्क्रीनवर हलव्याच्या हारावर बोट टेकवा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. हलव्याचा काटा दिसला की बरोबर. चुरमुरे-बोरं डोक्यावर पडल्यावर मूल डोळे मिटतं किंवा रडतं, म्हणून फोटो त्याच्या आधी, भांडं वर जातं आणि मूल वर बघतं तेव्हा. दुसरा फोटो लगेच, आजूबाजूची पोरं जमिनीवर तुटून पडतात त्याचा. लहानग्यांसाठी त्या पसाऱ्यात बोरं, उसाचे करवे, गोळ्या नकोत. चुरमुरे आणि बिस्किटं घाला. फोटोत तेवढंच छान दिसतं.

स्टुडिओबद्दल. तुमच्या मुलानं काही चुकीचं केलं नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलांना अनोळखी माणसांची भीती वाटायला लागते, आणि वर्षाच्या आसपास ती चांगलीच भरात असते. अशा पोराला नवी जागा, झगझगीत दिवे, डोक्यावर टोचणारा मुकुट आणि तासाभरात तीन कपडे, हा बेत रडण्यासाठीच केल्यासारखा आहे. स्टुडिओत जाऊच नये असं मी म्हणत नाही, मीही मुलांचेच फोटो काढून पोट भरते. पण पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी विचारा: झोपेच्या वेळेप्रमाणे वेळ बदलून मिळेल का? मूल रमेपर्यंत किती वेळ थांबता? नाहीच रमलं तर दुसऱ्या दिवशी या म्हणाल का? एकाच कपड्यात फोटो काढले तर चालेल का? आणि आमच्या मुलाचे फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकणार आहात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. पहिल्या चारांपैकी एकावरही आढेवेढे घेतले तर पैसे वाचवा आणि मेथी आणा.

फ्लॅशचं सासूबाईंना सांगा की फोनच्या किंवा साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं बाळाचे डोळे जात नाहीत. तरीही मी तो बंदच ठेवते. तान्हं बाळ दचकतं, आणि चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. पण फ्लॅशच्या जुन्या फोटोंचा एक उपयोग आहे, तो प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवा. फ्लॅशमध्ये बुबुळ लाल दिसणं साधं आहे, तो डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्ताचा रंग. पण एक डोळा लाल आणि दुसऱ्यात पांढरट किंवा पिवळट चमक, असं दिसलं तर तो फोटो पुसू नका. पुष्कळदा ते नुसतं कोनामुळे होतं. तरीही वेगवेगळ्या फोटोंत त्याच डोळ्यात ती चमक दिसत असेल तर बाळाला वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि फोटोही दाखवा. मोतीबिंदू असू शकतो, आणि रेटिनोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांच्या डोळ्यातला कर्करोगही असू शकतो. तो लवकर सापडला तर जीव वाचतो, बऱ्याचदा नजरही.

डीएसएलआर काढायला हरकत नाही, पण आज काढा, रविवारी नको. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरते. मागचं-पुढचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चवर लेन्स आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती दुरुस्तीला द्या आणि फोनवर भागवा. स्वच्छ असेल तर शटर सेकंदाच्या ५०० व्या भागावर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२०० पर्यंत बिनधास्त, आणि फोकस हलत्या वस्तूचा पाठलाग करेल असा लावा. थोडे दाणे दिसले तर दिसू देत, हललेल्यापेक्षा बरे. चार दिवसांत हात बसला नाही, तर बारशाला फोनच घ्या.

आता बारसं.

बाळाचे स्वतंत्र फोटो समारंभाच्या गर्दीत काढू नका. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी, दूध पिऊन ढेकर काढून झाल्यावर, बेडरूमच्या खिडकीपाशी काढा. तान्ह्या बाळांची संध्याकाळ बहुधा रडण्यात जाते. बाळाला गादीवर उताणं ठेवा, डोकं खिडकीच्या बाजूला तिरकं आणि पाय खोलीच्या आत. उजेड कपाळावरून नाकाकडे उतरला पाहिजे. उलटं ठेवलंत तर उजेड हनुवटीखालून वर चढतो आणि गोड बाळ भुतासारखं दिसतं. नाकपुड्यांच्या बाजूनंही काढू नका, बाजूला बसून किंवा किंचित वरून काढा. बाळाच्या डोक्यावर फोन धरायचा असेल तर त्याची दोरी मनगटात अडकवलेली हवी. घामेजल्या हातातून फोन सुटायला वेळ लागत नाही. एक जण कायम बाळाशेजारी बसलेला असू दे.

हनुवटी हातांवर टेकवून बेडकासारखं बसलेलं बाळ तुम्ही इंटरनेटवर पाहिलं असेल. ते तसं बसलेलं नसतं. एका फोटोत कुणीतरी त्याचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, आणि मग ते दोन्ही जोडून हात पुसून टाकतात. घरी करून बघायची गोष्ट नव्हे ती. परात, टोपली, बरणी, त्यात बाळ, असलंही काही नको. त्यापेक्षा मुठीत धरलेलं तुमच्या वहिनीचं बोट, कानावरची लव, तळपायाच्या सुरकुत्या घ्या, हे सगळं महिन्याभरात बदलतं. हसण्याची वाट बघू नका. माणसाकडे बघून हसणं सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं. त्याआधी झोपेत ओठ हलतात तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात सटवाई खेळवतेय. तो फोटो मिळाला तर घ्या. फोनचा ब्यूटी मोड मात्र बंद करा. तो गालावरची तीट डाग समजून पुसून टाकतो, आणि मग आजीला उत्तर तुम्ही द्या.

हॉलमध्ये पाळण्याच्या फुलांची झालर बाळाच्या तोंडावर सावली पाडते आणि कुंची उरलासुरला उजेड अडवते. सजावट करणाऱ्याला आधीच सांगा की एका बाजूची झालर वर खोचा. ती बाजू दाराकडे किंवा खिडकीकडे येऊ दे. तुमच्याकडे बाळाआधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखाली-वर फिरवत असतील तर तुमचं नशीब. वरवंट्यावर सगळे फोटो काढून बघा, उजेड पुरतोय का, कुणाचा खांदा मध्ये येतोय का. तो रडत नाही आणि कितीही वेळ थांबतो.

आणि नाव ठेवताना फोन तुमच्या हातात नको. कानात नाव सांगायला वाकणार तुम्ही, ‘कुर्र’ करणार तुम्ही, पाठीत बुक्के खाणार तुम्ही. तो फोटो कुणी दुसऱ्यानं काढायचाय. घरातला दहा-बारा वर्षांचा एखादा भाचा-पुतण्या पकडा. मोठ्यांपेक्षा बरा, कारण त्याची उंची पाळण्याच्या बरोबरीची असते आणि कुणाला ‘सरका जरा’ म्हणायला तो लाजत नाही. त्याला वरवंट्याच्या वेळीच जागा दाखवा: पाळण्याच्या पायथ्याशी, तुमचं तोंड ज्या बाजूला वळणार त्या बाजूला. तुम्ही वाकलात की बटण दाबून धरायचं आणि बुक्के संपेपर्यंत सोडायचं नाही. शंभर फोटो निघतील. त्यातल्या एकात तुम्ही कळवळून हसत असाल आणि बाळ ढिम्म झोपलेलं असेल.

फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी भावाला आणि वहिनीला विचारा. बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि राहायची जागा एकाच पोस्टमध्ये कशाला? अंघोळीचे फोटो तर घरातच राहू देत. गावाकडे छापण्यासाठी पाठवायचे ते व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून बारीक होतात.

पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत जायची गरज नाही. मोठ्यांचा फोटो पासपोर्ट केंद्रावरच काढतात, पण चार वर्षांखालच्या मुलाचा आपण न्यायचा असतो: पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ४.५ × ३.५ सेंटिमीटर. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आधार दिलेला हात चौकटीत नाही. ही जुनीच अडचण आहे. एकोणिसाव्या शतकात एका फोटोला कितीतरी सेकंद लागायचे, तेव्हा विलायतेतले फोटोग्राफर आईला डोक्यापासून कापडानं झाकून खुर्चीसारखं बसवत आणि बाळ तिच्या मांडीवर देत. बाळ स्थिर राही, आई पडदा होऊन जाई. तसले बरेच फोटो आजही जपलेले आहेत. नीट बघितलं की कापडातून बाहेर आलेली बोटं दिसतात.

तुम्हाला एवढं करावं लागणार नाही. पांढरी चादर कडक इस्त्री करा, सुरकुती म्हणजे सावली. ती गादीवर ताणून अंथरा, बाळाला मधोमध उताणं ठेवा, डोकं खिडकीकडे. तुम्ही मनगटात दोरी अडकवून बरोबर वरून, दोनपट झूमनं काढा. वहिनीनं तुमच्या खांद्यावरून वाकून बाळाशी बोलायचं, तिच्या आवाजाला डोळे उघडतील. वीस-पंचवीस काढा, त्यातला सरळ मानेचा निवडा. कापून छापून द्यायला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पुरेसा आहे. झबलं रंगीत घाला, पांढऱ्यावर पांढरं घातलंत तर नुसतं डोकं तरंगताना दिसेल. टोपी नको, कुंची नको, कपाळावर तीट नको. आजी तीट पुसू द्यायला तयार होणार नाहीत. तळपायाला लावा म्हणावं, पासपोर्टवाले तळपाय बघत नाहीत.